रिकाम्या भांड्याचं वजन

त्या गुरुवारी लेक घरी आली तेव्हा बाबा स्वयंपाकघरात वजनकाट्यापुढे उभे होते आणि काट्यावर एक रिकामं पातेलं होतं. आई ओट्याशी हाताची घडी घालून वाट बघत होती.

“मला दोनशे ग्रॅम पीठ काढायचंय,” आई लेकीला म्हणाली, “आणि हे मघापासून पातेल्याची उलटतपासणी घेतायत.”

“भांडं आधी,” बाबा म्हणाले. “भांड्याचं वजन वजा केलं नाहीस तर तू पीठ मोजत नाहीस, भांडं मोजतेस.”

“चाळीस वर्षं मोजतेय. कुणी उपाशी राहिलं नाही या घरात.”

“राहिलं असेल तर तुला सांगायची हिंमत झाली नसेल.”

आईनं पातेलं उचललं आणि पीठ अंदाजानंच घेतलं. बाबांनी लेकीकडे बघून खांदे उडवले. हा त्यांचा रोजचा खेळ होता आणि त्यात रोज बाबाच हरत.

बाबांनी चौतीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून काढली होती. दुकानात शिरायचं, तराजू तपासायचा, वजनांचा पोखरलेला तळ लपवायला लावलेलं मेण नखानं खरवडायचं आणि खोट सापडली की तराजू जप्त. लोक त्यांना बघून फुटपाथ बदलत. निवृत्त झाल्यावर या माणसाचं काय होणार, अशी काळजी आईला होती. पण बाबांनी जुन्या प्रेमाला हात घातला. बाविसाव्या वर्षी गुडघा गेला तेव्हा सुटलेला फुटबॉल त्यांनी साठीत पुन्हा धरला, तोही खुर्चीत बसून. त्यांनी एक वेबसाइट काढली, नाव ‘खुर्चीतले अकरा’. भाग घेणाऱ्यानं खऱ्या खेळाडूंतून आपले अकरा निवडायचे, कागदावरचा संघ बांधायचा. शनिवारी खऱ्या सामन्यात त्या खेळाडूंनी जे दिवे लावले असतील त्याप्रमाणे गुण. सुरुवातीला बाबांचे चार मित्र होते. सहा वर्षांत दोन हजार सातशे लोक झाले. सगळे बाबांना ‘पंच’ म्हणत. दर शुक्रवारी बाबा ‘शुक्रवारचा निरोप’ लिहीत. त्यात कुणाचा घोटा दुखावलाय, कोण बाकावर बसणार, कोण नुसता फुशारक्या मारतोय, सगळं असे.

जेवणं झाली. आई भांडी आवरत होती. बाबा लेकीला आपल्या टेबलापाशी घेऊन गेले आणि खुर्ची पुढे ओढून दिली.

“बसा साहेब,” ते म्हणाले. लेक एका जाहिरात कंपनीत होती. मोठ्या कंपन्यांसाठी वेबसाइटवर जागा घेण्याआधी त्या साइटचे आकडे खरे की फुगवलेले, हे तपासणं तिचं काम. म्हणजे बापाचंच काम, फक्त तराजू वेगळा. तिला ही नोकरी लागली त्या दिवसापासून बाबा तिला साहेब म्हणत.

“तुमच्याकडे ती बुटांची कंपनी आहे ना,” बाबा म्हणाले, “तिला एकदा आमचं दुकान दाखवून बघ. आमचे लोक बूट घेतात. पळायला नाही, पण घेतात.”

“बघते,” ती म्हणाली.

“आकडे बघितलेस का? मी पासवर्ड दिला होता.”

“बघितले. वरवर.”

“मग खालवर बघ.” बाबा हसले. “घाई नाही. मोसम संपायला अजून नऊ आठवडे आहेत.”

ती ‘बघते’ असं पुन्हा म्हणाली आणि उठली. दारात बाबांनी तिच्या पिशवीचा तुटलेला बंद बघितला, “हा शिवून घे,” म्हणाले. तिनं मान हलवली. बाकी काही बोलणं झालं नाही.

खरं म्हणजे तिनं आकडे वरवर बघितले नव्हते. पंधरा दिवसांपूर्वी, ऑफिसातल्या सवयीनं, तिनं ते उभे आडवे चाळले होते आणि दुसऱ्याच पानावर थबकली होती. साइटवर सहा जाहिराती होत्या, सगळ्या आसपासच्या दुकानांच्या. आणि रोज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांच्या सुमारास कुणीतरी त्या सहाही जाहिरातींवर एकेकदा क्लिक करत होतं. वरून खाली, क्रमानं, एकही न चुकवता. रविवारीसुद्धा. प्रत्येक क्लिकसमोर इंटरनेटचा पत्ता नोंदलेला असतो. हा पत्ता तिला तोंडपाठ होता, कारण तो तिच्या आईबाबांच्या घराचा होता.

घरात माणसं दोन. त्यातल्या एकीच्या लेखी फुटबॉल म्हणजे बावीस माणसांना मिळून एकच चेंडू, आणि तोही कुणी हातात घेत नाही. दुपारी दोन ते तीन बाबा खोलीचं दार लोटून झोपतात, असं सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे, झोपतात असं सगळ्यांना वाटत होतं.

तिच्या कंपनीचा नियम साधा होता. मालकाच्याच पत्त्यावरून क्लिक येत असतील तर ती साइट संशयितांच्या यादीत टाकायची. यादीतलं नाव कुठल्याच गिऱ्हाइकाला दाखवलं जात नाही. अशी शेकडो नावं तिनं घातली होती. त्या दिवशी दुपारचा चहा गार होईपर्यंत ती स्क्रीनकडे बघत बसली आणि मग तिनं ‘खुर्चीतले अकरा’ हे नाव यादीत घातलं. कुणाला सांगितलं नाही. बाबांना तर नाहीच.

त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, बाबा गेले. टेबलापाशी बसल्या बसल्या. आई चहा घेऊन आत आली तेव्हा स्क्रीनवर शुक्रवारचा निरोप अर्धा लिहिलेला होता: ‘कर्णधाराच्या घोट्याबद्दल त्यांचे डॉक्टर काहीही म्हणोत, मला विचाराल तर’. पुढे काही नव्हतं.

*

तीन आठवड्यांनी, शनिवारी, ती बाबांच्या खुर्चीत बसली. पाहुणे पांगले होते. आई आतल्या खोलीत आडवी झाली होती. साइटचं काय करायचं ते ठरवायला हवं होतं. लोकांचे शेकडो निरोप येऊन पडले होते. एकानं आपल्या संघाचं नाव बदलून ‘पंचांची शिट्टी’ ठेवलं होतं. दुसऱ्यानं लिहिलं होतं की पंचांनी त्याला सहा वर्षांत एकदाही खोटी आशा दाखवली नाही. ती वाक्यं तिनं भरभर खाली सरकवली. ती वाचताना तिला लाज वाटत होती, आणि कुणाची लाज वाटतेय तेच तिला ठरवता येत नव्हतं.

टेबलाच्या खणात बाबांची डायरी होती. सोमवारच्या पानावर लिहिलं होतं: ‘सकाळी ११. सपोर्टवाल्या बाई. पुढच्या मोसमाचं विचारणे. त्या हो म्हणाल्या की बाकीचे पाच हो म्हणतील.’ म्हणजे परवाच. सपोर्टवाल्या बाई म्हणजे गुडघ्या-घोट्याचे पट्टे विकणाऱ्या, सहा जाहिरातदारांपैकी एक. म्हणजे सगळं या एका भेटीवर होतं. कुणीतरी गेलं नाही तर साइट मोसमाबरोबर मिटणार. आणि जायचं तर आकडे घेऊन जावं लागणार.

तिनं डायरी मागे चाळली. बाबांचं अक्षर पंचनाम्यातलं होतं, सुटं आणि ठाम. एका पानावर सहा जाहिरातदारांची यादी होती आणि प्रत्येक नावापुढे एक जुनं साल. लाँड्री: ‘काटा शून्यावर नाही, दंड.’ रंगाचं दुकान: ‘डब्यात माप कमी, दंड.’ सपोर्टवाल्या बाई: ‘तेव्हा किराणा. वीस ग्रॅम खोट. तराजू जप्त.’ सहाच्या सहा. प्रत्येकाला बाबांनी कधी ना कधी पकडलं होतं.

शहरात दुकानं काय कमी होती? मग नेमकी हीच का? निवृत्त निरीक्षक एका संध्याकाळी दुकानात येतो, खुर्चीवर बसतो, जुनी आठवण काढतो आणि जाता जाता म्हणतो, एक जाहिरात द्याल का. दुकानदार काय म्हणणार? खात्यात आपले अजून कुणी ओळखीचे असतीलच, असं तो मनात म्हणणार आणि देऊन टाकणार. असली प्रकरणं तिनं ऐकली होती. बाबांनीच सांगितली होती, दुसऱ्या निरीक्षकांबद्दल.

मग तिनं बाबांच्या ईमेलचा जुना कप्पा उघडला. दीड वर्षापूर्वीपर्यंत साइटवर मोठमोठ्या जाहिराती येत. जाहिराती पुरवणारी एक परदेशी कंपनी त्या आपोआप लावायची. मग एक दिवस त्या नाहीशा झाल्या. “फार भडक होत्या, काढून टाकल्या,” असं बाबा तेव्हा जेवताना म्हणाले होते आणि विषय बदलला होता. ईमेलमध्ये वेगळंच होतं. कंपनीनं लिहिलं होतं की तुमच्या स्वतःच्या पत्त्यावरून रोज क्लिक होत आहेत, सबब खातं बंद करत आहोत. खाली बाबांचं उत्तर होतं.

‘आपलं म्हणणं मी तपासून पाहिलं. ते बरोबर आहे. क्लिक माझ्याच घरातून झाले. जबाबदारी माझी. खातं पुन्हा सुरू करण्याची विनंती मी करणार नाही.’

तिनं ते दोनदा वाचलं. कबुलीजबाब इतका स्वच्छ तिनं आपल्या नोकरीत कधी पाहिला नव्हता. पकडले गेलेले लोक हातपाय झाडतात, शेजाऱ्याच्या मांजरावर ढकलतात. बाबांनी सरळ सही केली होती. आणि तरीही पुढे, या सहा दुकानांच्या जाहिरातींवर, तोच प्रकार चालू ठेवला होता. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या वजनांखालचं मेण खरवडणारा माणूस.

तिला रडू आलं नाही. साइट बंद करून टाकावी, सोमवारी बाईंना फोन करून बाबा गेल्याचं सांगावं आणि संपवावं, असं तिनं जवळपास ठरवलं. निघण्यापूर्वी शेवटचं म्हणून तिनं आकड्यांचं पान उघडलं. बाबा गेल्यापासूनच्या तीन आठवड्यांत लोक येत होते, दुकानांच्या जाहिरातींवर जात होते, पण दुपारचे ते क्लिक थांबले होते. थांबणारच. क्लिक करणारं बोट आता नव्हतं. ती पानाच्या तळाशी पोचली आणि तिच्या डोळ्यांसमोर एक नवी ओळ उमटली.

लाँड्री. दोन वाजून अकरा मिनिटं. पत्ता, याच घराचा.

तिनं दोन्ही हात कळफलकावरून वर उचलले, जणू तिलाच कुणी पकडलं होतं. दुसरी ओळ आली. रंगाचं दुकान. मग तिसरी. मध्ये अर्ध्या मिनिटाचं अंतर, जसं नेहमी असायचं. चौथी.

ती उठली आणि पाय न वाजवता आतल्या खोलीपर्यंत गेली. आई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर बाबांचा जुना टॅबलेट होता, विणकामाचे नमुने बघायला त्यांनी तिला दिलेला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एक बोट हवेत.

“काय करतेस?”

आई दचकली नाही. “काही नाही. बसलेय.”

“क्लिक करत होतीस.”

“बघत होते,” आई म्हणाली. “आज म्हटलं बघावं. इतके दिवस काही सुचतच नव्हतं.”

ती आईच्या शेजारी बसली. स्क्रीनवर पाचव्या दुकानाचं पान उघडं होतं. “रोज बघायचीस?”

“रोज. जेवणानंतर, हे झोपले की. आधीच्या त्या भडक जाहिराती होत्या तेव्हापासून.”

“का?”

आईनं तिच्याकडे असं पाहिलं की जणू पोरीनं पाणी का पितात ते विचारलंय. “अगं, लोकांनी एवढी हौसेनं दुकानं मांडलीयत तिथे. तुझे बाबा तो गुडघा ओढत एकेकाच्या दारात जाऊन आणायचे ती माणसं. कुणी आत डोकावलंच नाही तर कसं दिसेल ते? म्हणून सगळ्यांकडे एकेकदा जाऊन यायचं. एकाकडे जाऊन दुसऱ्याकडे गेलं नाही असं नको.”

“पण तुला घ्यायचं काय होतं तिथे?”

“घ्यायचं कशाला काही? तू कधी दुकानात नुसती बघायला जात नाहीस?” आईनं चष्मा वर सरकवला. “आणि आकडा वाढला की हे संध्याकाळी गुणगुणायचे. मला चहा द्यायला बोलवायचे, आणि आलं की म्हणायचे, आज बरीच वर्दळ होती हं. म्हटलं, राहू दे.”

“बाबांना माहीत होतं?”

“छे. कळलं असतं तर मला आधी भांड्याचं वजन करायला लावलं असतं.” आई हसली आणि मग तिचं हसणं मध्येच थांबलं. तिनं चष्मा काढून पदराला पुसला. “आता यांचं कोण बघणार, म्हणून आज म्हटलं बघावं.”

लेकीनं तिच्या हातातून टॅबलेट घेतला, तो उलटा धरला गेला होता तो सरळ केला आणि परत दिला. ईमेलबद्दल ती काही बोलली नाही. ते बोलायचं नव्हतंच. बाबांनी ते दीड वर्ष जेवणाच्या टेबलावर गिळलं होतं; आता वर काढण्यात अर्थ नव्हता. ‘जबाबदारी माझी’ असं त्यांनी का लिहिलं, ते तिला आता कळलं होतं.

पण संशय एकदा घरात शिरला की तो एका दारानं बाहेर काढला तरी दुसऱ्यानं आत येतो. बाबांनी क्लिक केले नाहीत, ठीक. पण दीड वर्षापूर्वीच त्यांना सगळं कळलं होतं. तरी त्यांनी आईला थांबवलं नाही. मग या सहा दुकानदारांना ते दर महिन्याला आकडे कोणते देत होते? आईचे फेरफटके त्यात धरून? खणात त्या आकड्यांची एकही प्रत नव्हती. बाबा कागद हातानं लिहीत आणि स्वतः नेऊन देत. म्हणजे खरं काय ते फक्त दुकानात कळणार होतं.

*

सोमवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना ती सपोर्टच्या दुकानापुढे उभी होती. काचेत प्लास्टरचे पाय रांगेनं मांडलेले होते, गुडघ्याला, घोट्याला, पोटरीला पट्टे बांधलेले. आत रबराचा आणि नव्या कापडाचा वास. गल्ल्यावर मालकीणबाई बसल्या होत्या. साठीच्या, सडपातळ, गळ्यात मोजपट्टी. त्यांनी आधी तिच्या चपलांकडे पाहिलं, मग पिशवीकडे, मग चेहऱ्याकडे.

“गुडघा की कंबर?” त्या म्हणाल्या.

“मी पंचांची मुलगी,” ती म्हणाली.

मालकीणबाईंनी उठून मोजपट्टी गळ्यातून काढली. “कळलं मला,” मग म्हणाल्या. “लाँड्रीवाल्यानं सांगितलं. बसा.”

ती बसली. मालकीणबाई बसल्या नाहीत.

“तुम्ही आला आहात म्हणजे पुढच्या मोसमाचं विचारायला.”

“त्याआधी एक सांगायचंय,” ती म्हणाली. रात्रभर तिनं हे वाक्य मनात घोळवलं होतं, आणि आता ते बाहेर येताना ऑफिसातल्या अहवालासारखं आलं. “या महिन्यात तुमच्या जाहिरातीवर एकशे शहाण्णव क्लिक झाले. पण ते सगळे गिऱ्हाइकांचे नाहीत. त्यातले काही आमच्या घरातून झालेत. माझी आई करत होती. तिला कळत नव्हतं. हे आधीपासून चालू आहे, आणि बाबांनी तुम्हाला जे आकडे दिले ते...”

“हां, भांडं,” मालकीणबाई म्हणाल्या.

“काय?”

“ते भांडं ना? माहितीय मला.” त्या वळल्या, मागच्या फळीवरून एक फाइल काढली आणि गल्ल्यावर तिच्यासमोर उघडून ठेवली.

महिन्याला एक असे कागद होते, बाबांच्या पंचनाम्याच्या अक्षरातले. सगळ्यात वरचा बाबा गेले त्याच्या आदल्या महिन्याचा. ‘एकूण क्लिक: २१४. वजा भांडं: ३०. उरले: १८४.’ तिनं पान उलटलं. त्याच्या आधीच्या महिन्यातही तसंच. वजा भांडं, एकतीस. वजा भांडं, तीस. एक महिना वजा भांडं फक्त चोवीस होतं. त्या महिन्यात आई आठवडाभर तिच्याकडे राहायला आली होती.

“पहिल्यांदा मी विचारलं, हे काय,” मालकीणबाई म्हणाल्या. “मी सगळं विचारते. म्हणाले, हे घरचं माणूस आहे, रोज येऊन जातं. मनापासून येतं, पण तुमचं गिऱ्हाईक नाही, म्हणून मोजायचं नाही. मी म्हटलं, मग घरच्या माणसाला सांगा ना येऊ नको म्हणून. तर म्हणाले, तसं नाही सांगता येत. माल मोजताना भांडं वजा करायचं असतं, फेकून द्यायचं नसतं.”

ती कागदांकडे बघत राहिली. दुकानात एक गृहस्थ मनगटाचा पट्टा विचारायला आले. मालकीणबाईंनी त्यांचं मनगट मोजलं, पट्टा दिला, दोनदा घालून काढून दाखवायला लावला आणि पाठवून दिलं.

“आणखी एक विचारू?” ती म्हणाली. “तुम्ही जाहिरात दिलीत ती... बाबांनी तुमचा तराजू जप्त केला होता ना? म्हणून दिलीत का?”

“म्हणूनच दिली.”

तिनं वर पाहिलं.

“माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती,” मालकीणबाई म्हणाल्या. “सासऱ्यांचं किराणा दुकान होतं. वीस ग्रॅमची खोट. मला तर माहीतही नव्हतं. तुमच्या वडिलांनी तराजू उचलला. सासऱ्यांनी त्यांच्यापुढे काय काय ठेवलं, ते मी पडद्याआडून बघत होते. त्यांनी हात लावला नाही. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. बाहेर कडक ऊन होतं. त्या दिवशी मी त्यांना इतक्या शिव्या दिल्या मनात की विचारू नका. आणि दीड वर्षापूर्वी हाच माणूस लंगडत दुकानात येतो, गुडघ्याचा पट्टा घेतो आणि म्हणतो, माझ्या साइटवर अडीच हजार माणसं आहेत, सगळ्यांचं पळायचं वय गेलंय, सगळ्यांचे गुडघे दुखतात, तुमची जाहिरात तिथे शोभेल.” त्या पहिल्यांदाच हसल्या. “मला रोज तीन जण येऊन सांगतात, मॅडम, लाख लोक बघतील, दोन लाख बघतील. मी कुणाचं खरं मानू? हा एकच माणूस मला माहीत होता, ज्याला आम्ही विकत घेऊ शकलो नव्हतो. ते मला म्हणाले होते, मी ज्यांना पकडलं, मुद्दाम त्यांच्याकडेच जातोय. बाकीच्यांना मी खरा की खोटा ते सिद्ध करून दाखवायला लागेल. तुम्हाला दाखवून झालंय.”

बाहेर कुणीतरी काच पुसत होतं. फडक्याचा करकर आवाज येत होता. मालकीणबाईंनी फाइलमध्ये एक कोरा कागद घातला आणि पेन तिच्यापुढे सरकवलं.

“या महिन्याचा राहिलाय.”

तिनं पेन घेतलं. ‘एकूण क्लिक: १९६,’ तिनं लिहिलं. पुढची ओळ लिहिण्यापूर्वी ती थांबली. बाबा गेल्यानंतर आईनं तीन आठवडे टॅबलेट हातात धरला नव्हता, त्यामुळे संख्या थोडी होती. ‘वजा भांडं: ७. उरले: १८९.’ तिचं अक्षर बाबांच्या अक्षराखाली लहान आणि वाकडं दिसत होतं.

मालकीणबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला. वजाबाकी ओठांत करून बघितली. मग फाइल बंद केली. “पुढच्या मोसमाचं माझं धरा,” म्हणाल्या. “लाँड्रीवाल्याला मी सांगते. शुक्रवारचं ते लिहिणार कोण पण? ते घोट्याबिट्याचं?”

“बघते,” ती म्हणाली, आणि आपण काय म्हणालो ते तिलाच ऐकू आलं. मग म्हणाली, “मी लिहीन. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण शिकेन.”

मालकीणबाईंनी मोजपट्टी पुन्हा गळ्यात घातली. त्यांच्या कपाळावर आठी आली होती. काहीतरी हिशेब लागत नसावा.

“तुमचे वडील सांगायचे, तुम्ही जाहिरातीच्याच कंपनीत आहात,” त्या म्हणाल्या. “मोठमोठी गिऱ्हाइकं आहेत म्हणे. साहेब म्हणायचे तुम्हाला. मग त्या गुडघ्यानिशी ते आमच्या दारात कशाला यायचे? तुमच्याकडे नाही मागितली त्यांनी कधी जाहिरात?”

तिनं पिशवी उचलली. तिचा बंद अजून तुटलेलाच होता. तिनं ती परत खाली ठेवली.

“मागितली होती,” ती म्हणाली. “ते गेले त्याच्या आदल्या दिवशी. मी बघते म्हणाले. पण त्याच्या पंधरा दिवस आधीच मी त्यांचं नाव संशयितांच्या यादीत घातलं होतं. मला वाटलं होतं, बाबा आकडे फुगवतात. मला वाटलं होतं, माझे बाबा खोटं बोलतात. मी त्यांना एकदा विचारलंसुद्धा नाही.”